संगणक बदलला, पण कुलपाची किल्ली कुठे आहे?

घरची कागदपत्रे आणि आठवणी हार्ड डिस्कमध्ये ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ला नियमित सुरक्षा पुरविणे बंद केले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वाढीव मुदत मिळाली, परंतु तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ घ्यावे, तर ते जुन्या संगणकावर रीतसर बसत नाही. त्याला संगणकात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वी पै-पै जमवून घेतलेल्या संगणकात हे कोठून असणार?

मग दुकानदार सांगतो, "नवा घ्या, नाहीतर यातच लिनक्स टाकून देतो. पैसे लागत नाहीत, व्हायरसचा त्रास कमी." सल्ला वाईट नाही. लिनक्स मिंट, उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या यंत्रावर चांगल्या चालतात. केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही लिनक्सवरच उभी आहे आणि तिच्यात मराठीची सोय आहे. परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर कोठेही राहणाऱ्या कुटुंबाने हा मार्ग घेतला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

अडचण येते ती नंतर. कपाटातली एक्स्टर्नल हार्ड डिस्क काढून नव्या सिस्टीमला जोडली जाते. ती उघडत नाही. पासवर्ड मागते किंवा तोही मागत नाही. 'डिस्क वाचता येत नाही' एवढेच सांगते. घरातले म्हणतात, "डिस्क गेली." कोणी म्हणतो, "फॉरमॅट मारा, चालू होईल." आणि त्या एका बटणाखाली वीस वर्षांचा संसार पुसला जाण्याची वेळ येते.

वाचकहो, आमचे सांगणे एवढेच आहे की, अशी डिस्क बहुतेक वेळा गेलेली नसते. तिला कुलूप असते. संगणक बदलला म्हणून कुलूप बदलत नाही. किल्ली कोणाकडे आहे, एवढाच प्रश्न उरतो.

त्या डिस्कमध्ये असते तरी काय?

हा विषय शहरी, पैसेवाल्या लोकांचा आहे असे कोणी समजू नये. उलट ज्यांच्याकडे कागद कमी, त्यांच्यासाठी तो अधिक महत्त्वाचा आहे.

आपल्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख पाहिली जाते. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातला पुरावा शोधावा लागतो. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळची कितीतरी दप्तरे उर्दूत आहेत. शाळेच्या जुन्या रजिस्टरातला एक उतारा काढायला घरातल्या माणसाने तालुक्याला किती खेपा घातल्या, हे त्यालाच ठाऊक! तो उतारा, त्याचे मराठी भाषांतर, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत्यांचे वैधता प्रमाणपत्र हे सगळे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवलेले असते. पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्यामुळे ऐन प्रवेशाच्या दिवसांत हाच फोल्डर हाताशी लागतो. मूळ कागद वाळवीने खाल्ला असेल किंवा पुराच्या पाण्यात भिजला असेल, तर उताऱ्याचा क्रमांक आणि पान कोणते हे सांगायला ती स्कॅनच शिल्लक राहते.

आणखी काय असते? आजोबांच्या गायन पार्टीच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली गाणी. गेलेल्या आईचा आवाज. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो. लेकीच्या लग्नाची व्हिडिओ शूटिंग. महिला बचत गटाचा हिशेब. आधार कार्ड किंवा दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमधून पुन्हा काढता येते. आईचा आवाज कोणत्याही कार्यालयातून पुन्हा मिळत नाही.

कुलूप कसे चालते

पासवर्ड लावणे म्हणजे दाराला कडी घालणे, असा पुष्कळांचा समज आहे. कडी तोडली की आतले सामान जसेच्या तसे मिळते. हार्ड डिस्कच्या कुलपात तसे नसते. तिथे आतला प्रत्येक कागद सांकेतिक लिपीत बदलून ठेवलेला असतो. योग्य पासवर्ड दिला की यंत्र ती लिपी उलगडते आणि आपल्याला फोटो दिसतो. पासवर्ड नसेल तर डिस्कवर नुसता अक्षरांचा गोंधळ असतो. दार तोडून उपयोग नाही, कारण आतले सामानच सांकेतिक झालेले आहे.

ही लिपी उलगडण्यासाठी जी गुप्त संख्या लागते, तिच्या शक्यता २ च्या १२८ व्या घाताएवढ्या असतात. ही संख्या लिहायला ३९ अंक लागतात. जगातले सगळे संगणक जुंपले तरी एकेक शक्यता तपासून ती सापडणार नाही. चोराच्या हाती डिस्क लागली तरी घरचे कागद सुरक्षित राहतात ते यामुळेच. मात्र किल्ली हरवली तर घरमालकही चोराइतकाच बाहेर राहतो.

आता सिस्टीम बदलल्यावर डिस्क का उघडत नाही, ते पाहा. कुलूप बनविणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या आहेत. विंडोजचे कुलूप 'बिटलॉकर', लिनक्सचे 'लक्स', ॲपलच्या मॅकचे आणखी निराळे. किल्ली बरोबर असूनही समोरच्या यंत्राला त्या कुलपाची जात ओळखता आली नाही, तर ते 'डिस्क वाचता येत नाही' म्हणते. उर्दू न येणाऱ्या कारकुनाने जुन्या रजिस्टराला 'कोरे आहे' म्हणावे, तसाच हा प्रकार आहे.

पहिला नियम: 'फॉरमॅट' ला नाही म्हणा

लिनक्सचे कुलूप असलेली डिस्क विंडोजला जोडली, तर विंडोज विचारते, "वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करायची का?" मॅक 'इनिशियलाइझ' असा पर्याय पुढे करतो. हे प्रश्न यंत्राच्या अज्ञानातून आलेले असतात. ते सल्ले नव्हेत. 'कॅन्सल' दाबावे, डिस्क रीतसर काढून ठेवावी आणि पुढे वाचावे.

दुकानात लिनक्स टाकून घेताना एक्स्टर्नल डिस्क त्या संगणकाला जोडलेली ठेवू नये. 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडताना चुकीच्या डिस्कवर बोट पडले, तर नंतर बोलून उपयोग नसतो.

डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, ती मध्येच बंद पडत असेल, तर गोष्ट वेगळी. तो यंत्राचा बिघाड आहे. अशी डिस्क पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये, जाणकाराकडे न्यावी.

आपल्या डिस्कला कोणते कुलूप आहे?

विंडोजचे बिटलॉकर. बाहेरच्या डिस्कला लावायची ही सोय २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आली. कुलूप लावायला विंडोजची प्रो किंवा तत्सम आवृत्ती लागते, उघडायला मात्र साधी होम आवृत्तीही चालते. म्हणून सर्वांत सोपा मार्ग हा की, नात्यातल्या किंवा ओळखीच्या घरातला विंडोजचा संगणक शोधावा, डिस्क जोडावी, पासवर्ड द्यावा आणि सगळे फोल्डर दुसऱ्या, कुलूप नसलेल्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. एमएस-सीआयटी शिकलेल्या कोणत्याही मुलीला हे करता येईल. अनोळखी ठिकाणी करायची वेळ आली, तर काम संपेपर्यंत आपण शेजारी बसून राहावे.

लिनक्समध्येही हे कुलूप उघडते, ही गोष्ट पुष्कळ दुकानदारांना ठाऊक नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये लिनक्सच्या 'क्रिप्टसेटअप' या साधनाला बिटलॉकर वाचता येऊ लागले. त्यामुळे गेल्या काही वर्षांतल्या उबुंटू किंवा मिंटमध्ये डिस्क जोडली की डाव्या बाजूला तिचे चित्र दिसते, त्यावर टिचकी मारली की पासवर्ड विचारला जातो आणि बरोबर असला तर डिस्क उघडते. जुन्या आवृत्तीत हे होत नाही. तेव्हा आधी लिनक्सची नवी आवृत्ती घ्यावी किंवा 'डिसलॉकर' नावाचे मोफत साधन वापरावे. डिस्क उघडली, पण तिच्यात नवे काही साठवता येत नाही, असे झाले तर घाबरू नये. विंडोजमधून ती नीट न काढता ओढून घेतली असेल तर असे होते. वाचायला मिळाले की आधी प्रत करून घ्यावी.

मॅकमध्ये बिटलॉकर आपोआप उघडत नाही, वेगळे सॉफ्टवेअर लागते. त्यापेक्षा वरचा विंडोजचा मार्ग स्वस्त.

कंपनीने घातलेले कुलूप. वेस्टर्न डिजिटलच्या 'माय पासपोर्ट' सारख्या डिस्कमध्ये कुलूप डिस्कच्या आतल्या चिपमध्येच असते. जोडल्यावर 'अनलॉक' करणारा कंपनीचा छोटा प्रोग्रॅम दिसतो. तो विंडोज आणि मॅकसाठी बनविलेला आहे, लिनक्ससाठी नाही. तेव्हा विंडोजवर नेऊन कुलूप उघडावे, पासवर्ड काढून टाकावा आणि मग डिस्क लिनक्सला जोडावी. "आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालतो, उघडेल," असे कोणी म्हणाला तर ऐकू नये. उलगडणारी चिप डब्यातल्या सर्किटवर राहते आणि डिस्क मुकी होते.

जुन्या संगणकाची काढलेली डिस्क. हा प्रकार अलीकडे वाढत जाणार आहे. संगणक बिघडला की दुकानदार त्यातली डिस्क काढून डब्यात घालतो आणि 'ही तुमची एक्स्टर्नल' म्हणून देतो. परंतु नव्या विंडोजमध्ये संगणकाची स्वतःची डिस्कही कुलूपबंद असू शकते. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवी विंडोज बसविली की, पुष्कळ संगणकांवर हे कुलूप आपोआप लागते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. त्याची किल्ली जुन्या संगणकाच्या आतल्या सुरक्षा चिपने सांभाळलेली असते. डिस्क बाहेर आली की ती किल्ली मागे राहते. मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे ४८ अंकांची 'रिकव्हरी की'. तिच्याविषयी पुढे येते आहे.

व्हेराक्रिप्ट. २०१३ मध्ये आलेले हे मोफत साधन विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते. ज्या घरात सिस्टीम बदलत राहणार, त्यांनी हेच कुलूप वापरलेले बरे. मात्र त्याला ४८ अंकी राखीव किल्ली नसते. पासवर्ड विसरला की सगळे संपले.

लिनक्सचे लक्स आणि मॅकचे कुलूप. ही कुलपे विंडोज उघडत नाही. ज्या सिस्टीमवर कुलूप लावले, त्याच जातीच्या सिस्टीमवर उघडून प्रत काढावी. लिनक्ससाठी तर नवा संगणकही लागत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स थेट चालू करता येते, जुन्या विंडोजला हात न लावता.

पासवर्ड बरोबर, तरी 'चूक' का म्हणतो?

पासवर्ड टाकताना पडद्यावर ठिपके दिसतात, अक्षर दिसत नाही. म्हणून आधी साध्या लिहायच्या फाइलमध्ये तो टाइप करून डोळ्यांनी पाहावा. नव्या सिस्टीममध्ये कीबोर्डची मांडणी बदललेली असते. अमेरिकन मांडणीवर दाबलेले '@' हे चिन्ह ब्रिटिश मांडणीवर दुसऱ्याच कळीवर जाते. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल, कॅप्स लॉक लागले असेल, अंकांच्या कळा बंद असतील, तरी हाच घोळ होतो. 'पासवर्ड विसरलो' असे म्हणण्याआधी एवढे तपासावे. पाहून झाल्यावर ती फाइल न साठवता बंद करावी.

४८ अंकांची राखीव किल्ली

बिटलॉकर लावताना विंडोज एक राखीव किल्ली देते. सहा अंकांचे आठ गट, असे एकूण ४८ अंक. ती कोठे ठेवायची, असे विंडोज त्या वेळी विचारते आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, फाइलमध्ये किंवा कागदावर छापून असे पर्याय देते. घाईत माणूस काहीतरी निवडतो आणि विसरतो. म्हणून शोध या तीन ठिकाणी घ्यावा. ज्या ई-मेलने विंडोज चालू केली होती, त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन पाहावे. जुन्या संगणकात, पेन ड्राइव्हमध्ये, ई-मेलमध्ये 'बिटलॉकर रिकव्हरी की' या नावाने सुरू होणारी फाइल शोधावी. घरातल्या फायली, बिलांची पाकिटे, शाळेच्या दाखल्यांची पिशवी धुंडाळावी.

एकापेक्षा जास्त किल्ल्या सापडल्या तर कुलूप उघडण्याच्या खिडकीत दिसणारी ओळख-अक्षरे आणि कागदावरची अक्षरे जुळवून पाहावीत. लिनक्समध्ये हीच किल्ली पासवर्डच्या जागी चालते, मात्र गटांमधल्या आडव्या रेघांसह टाकावी.

हाताने उतरवलेल्या किल्लीत अंक चुकला असेल तर तो ओळखायची युक्ती आहे. या किल्लीतल्या प्रत्येक सहा अंकी गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. समजा एक गट १३५७९५ आहे. ११ ने भागले की १२३४५ येतात, बाकी शून्य. शेवटचा ५ चुकून ६ लिहिला गेला असेल तर १ बाकी उरते. सातवीतले पोरही कागदावर हा भागाकार करून कोणत्या गटात चूक आहे ते सांगेल. एक आणि सात, शून्य आणि सहा यांची गल्लत अशी पकडता येते.

कोणी आधीच 'फॉरमॅट' मारून बसला असेल आणि डिस्क बिटलॉकरची असेल, तर त्या डिस्कवर एकही नवी फाइल टाकू नये. विंडोजमध्ये 'रिपेअर-बीडीई' नावाचे दुरुस्तीचे साधन आहे. ते राखीव किल्लीच्या आधारे शक्य तेवढे दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढून देते. सगळे परत येईल याची हमी नसते, परंतु प्रयत्न करण्यासारखा असतो.

येथेही बुवाबाजी आहे!

किल्ली खरोखरच हरवली की माणूस चमत्कार करणाऱ्याच्या शोधात निघतो. 'कोणताही पासवर्ड पाच मिनिटांत तोडून देऊ' अशा जाहिराती दिसतात. आगाऊ पैसे घेतात, मग 'डिस्कची स्थिती गंभीर आहे' म्हणून आणखी मागतात. कोणी फोनवरून संगणकाचा ताबा मागतो. भोंदूचा ताईत आणि हे सॉफ्टवेअर यांत फरक काय? गणिताने घातलेले कुलूप मंत्राने उघडत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

पैसा आणि ज्ञान असूनही किल्लीवाचून माणूस कसा अडतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील स्टीफन थॉमस हा स्वतः निष्णात प्रोग्रॅमर. त्याचे ७,००२ बिटकॉइन एका 'आयर्नकी' नावाच्या छोट्या ड्राइव्हमध्ये अडकले. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला होता. तो ड्राइव्ह दहाच प्रयत्न देतो, नंतर कायमचा बंद होतो. जानेवारी २०२१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' ने ही हकिगत छापली, तेव्हा आठ प्रयत्न संपले होते. कोट्यवधींची संपत्ती एका कागदाच्या चिटोऱ्यावाचून अडली!

कुलूप उघडले, पण अक्षर कळेना

मराठी घरांत आणखी एक गाठ असते. डिस्क उघडते, जुने लेख, जयंतीची स्मरणिका, वंशावळ यांच्या फायली दिसतात, आणि उघडल्यावर त्यात भलतीच इंग्रजी अक्षरे व चिन्हे येतात. पुन्हा ओरड होते, "डाटा करप्ट झाला." तसे काही झालेले नसते. पूर्वी आपले मराठी टाइपिंग श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएम मधल्या फॉन्टमध्ये होत असे. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोड पद्धतीची ती अक्षरे नाहीत. फॉन्ट जुन्या विंडोजमध्ये राहिला आणि मजकूर नव्या सिस्टीममध्ये आला, म्हणून तो वाचता येत नाही.

उपाय दोन. जुना संगणक पुसण्याआधी त्यातल्या फॉन्टच्या फायली जपून ठेवाव्यात, म्हणजे त्या लिनक्समध्ये बसविता येतात. किंवा फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व वेलांटी एकदा वाचून तपासावीत. पेजमेकरमध्ये केलेल्या फायली लिनक्समध्ये नीट उघडतीलच असे नाही. त्या जुन्या यंत्रावर असतानाच त्यांची पीडीएफ काढून घ्यावी. पीडीएफ कोठेही उघडते.

किल्ली एकाच्या खिशात नको

हा सगळा तांत्रिक भाग झाला. परंतु आमच्या मते खरा दोष यंत्रात नसून घराच्या रीतीत आहे. समजा मानवतच्या एका घरात मुलाने डिस्क आणली, कुलूप लावले, पासवर्ड आपल्या मनात ठेवला आणि नोकरीसाठी पुण्याला गेला. घरात आई, वडील, शिकणारी बहीण. वैधतेचे कागद बहिणीला हवेत, तो रात्रपाळीला आहे, फोन लागत नाही. उद्या त्याला अपघात झाला, काही बरेवाईट झाले, तर? ज्या बाईने ते कागद आयुष्यभर पत्र्याच्या पेटीत सांभाळले, तिलाच ते उघडता येऊ नयेत, हा कोणता न्याय? "तुला काय कळते त्यातले," असे तिला म्हणू नका. तिला दाखवा. कळेल.

एकाच पेटीत, एकाच कुलपात ठेवलेले नाश पावते आणि अनेक हातांत गेलेले टिकते, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्याही आहेत. ते दोघेही आज हयात नाहीत. परंतु संग्रह एका माणसाच्या कपाटात राहिला नाही, आणि २०१७ पासून 'परी' या संस्थेने त्या ओव्या सर्वांना ऐकायला खुल्या करायला सुरुवात केली. म्हणून त्या बायांचा आवाज आज कोणालाही ऐकता येतो.

तेव्हा भगिनींनो आणि बांधवांनो, सिस्टीम बदलण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी एवढे करून घ्या.

१. जुनी सिस्टीम चालू असतानाच डिस्क उघडा आणि सर्व काही दुसऱ्या एका डिस्कवर उतरवा. तीन-चार तास लागले तरी चालतील. वीज जाण्याची वेळ टाळा किंवा इन्व्हर्टरवर काम करा.

२. जमले तर जुने कुलूप काढून टाका आणि नव्या सिस्टीममध्ये गेल्यावर नवे लावा.

३. ४८ अंकी राखीव किल्ली कागदावर स्पष्ट अक्षरात लिहा, ११ ने भागून तपासा. एक प्रत जातीच्या दाखल्यांच्या फाइलमध्ये, दुसरी विश्वासातल्या बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. ज्या पिशवीत डिस्क, त्याच पिशवीत किल्ली ठेवू नका.

४. डिस्कवर छोटी चिठ्ठी चिकटवा: कोणते कुलूप आहे, कोणत्या वर्षी लावले, किल्लीविषयी कोणाला विचारायचे. पासवर्ड मात्र तिच्यावर लिहू नका.

५. प्रत्येक फोटोला कुलूप हवेच असे नाही. लग्नाचे, जयंतीचे फोटो उघड्या डिस्कवर राहिले तर बिघडत नाही. बँकेचे आणि ओळखीचे कागद तेवढे कुलपात ठेवा.

६. वर्षातून एकदा डिस्क उघडून पाहा, आणि ती दर वेळी घरातल्या वेगळ्या माणसाने उघडावी. या वर्षी आईने, पुढच्या वर्षी लेकीने.

यातले शेवटचे काम सर्वांत मोलाचे आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांना कागद वाचता येत नव्हते, म्हणून सावकाराने दाखवला तेथे अंगठा उठवावा लागला. आज आपल्याला कागद वाचता येतात. ते ज्या पेटीत आहेत, तिची किल्लीही घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाच्या हाती असली पाहिजे.